नेलचा तांब्याचा पत्रा कुणाकडे राहावा

मी, एल्स्पेथ मेरी स्ट्रॉन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा चित्रे काढणे व छापणे, राहणार बंदराच्या भिंतीशेजारचे घर, मुक्काम स्कारहेवन, नॉर्थम्बरलंड, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी अक्कलहुशारी शाबूत असल्याची खात्री डॉक्टर प्रिंगल यांनी आज सकाळी करून घेतली. त्यांनी मला वार विचारला. मी मंगळवार सांगितला, आणि त्यांच्या कोटाची गुंडी भलत्याच काजात अडकली आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. छातीत पाणी झाले आहे म्हणून लिहिताना मधेमधे थांबावे लागते, एवढेच.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅनिकच्या वकील मिस फेनिक यांनी करावी. त्यांना माझी एकच अट आहे. माझ्या पश्चात हा कागद माझे पती कथबर्ट स्ट्रॉन यांना आमच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खुर्चीत बसवून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे, त्यामुळे ते स्वतः वाचू शकत नाहीत. मधेच उठून दाराकडे निघाले तर वाचन थांबवावे आणि ते परत बसले की त्याच ओळीपासून पुढे सुरू करावे. कलम सातमध्ये मी सांगेन त्या ओळीपर्यंत ऐकल्याखेरीज त्यातली वस्तू त्यांच्या हाती देऊ नये. मिस फेनिक म्हणाल्या, अशी अट कायद्यात बसेल की नाही याची त्यांना शंका आहे. मी म्हटले, कथबर्टला कायद्यातले काही कळत नाही, तुम्ही फक्त चेहरा गंभीर ठेवा. आवाज गंभीर ठेवीन, असे त्या म्हणाल्या.

ही अट का, तर आमची मुलगी नेल गेल्यापासून या घरात तिचे नाव निघाले की कथबर्ट उठून बाहेर जातो. जेवता जेवता ताट सोडून गेला आहे. नाताळच्या दिवशीही गेला आहे. जिवंतपणी मला त्याला जे सांगता आले नाही ते सांगायला आता माझ्यापाशी हा एवढाच कागद उरला आहे.

कलम दुसरे. राहते घर, मागचे अंगण आणि होडीची शेड कथबर्टला. घरातली कोणतीही वस्तू जागची हलवू नये. बूट दाराच्या डाव्या हाताला, चहाची किटली मागच्या चुलीवर, आणि दारापासून भिंतीच्या टोकापर्यंत बांधलेला दोर जसाच्या तसा. तो दोर धरून तो रोज भरती ऐकायला जातो. दोर दर हिवाळ्यानंतर बदलावा, कारण खाऱ्या वाऱ्याने तो आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो.

घराच्या छपरावरच्या नव्या दगडी फरशा नेलच्या चित्राच्या पैशांतून बसवल्या. ते कळल्यावर कथबर्ट पुढचे सगळे पावसाळी दिवस होडीच्या शेडमध्ये झोपला. मी रोज सकाळी त्याला तिथे धुरावलेला मासा आणि पाव नेऊन देत असे. तो खाऊन रिकामे ताट दारापाशी ठेवत असे. आता त्या छपराखाली त्याने विनातक्रार राहावे, कारण दुसरे छप्पर नाही.

कलम तिसरे. मोठे छापयंत्र न्यूकॅसलच्या शाळेत शिकवणारी माझी जुनी विद्यार्थिनी म्युरिएल टेट हिला. रुळांना आठवड्यातून एकदा तेल द्यावे आणि त्यावर चहाचे कप ठेवू नयेत.

लहान यंत्रही तिलाच, पण त्याची हकिगत तिला ठाऊक असावी. माझे वडील टाइन नदीवरच्या गोदीत जहाजांच्या पोलादी पत्र्यांवर खडूने कापायच्या रेघा मारत. माझी रेघ त्यांच्याकडून आली. चित्रशाळेत मला शिष्यवृत्ती मिळाली. तिथे मास्तर म्हणाले, मुलींनी फुले रंगवावीत, धातूला मनगट लागते. मी मनगट दाखवले, यंत्र मात्र माझ्यापाशी नव्हते. पुढे लग्न होऊन इथे आले, तर सासूबाईंकडे कपडे पिळायचे रुळांचे यंत्र होते. सोमवारी त्यातून चादरी जात आणि मंगळवारी माझे शाई लावलेले तांब्याचे पत्रे. एका सोमवारी चर्चमध्ये नेण्याच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर तीन हेरिंग मासे छापून निघाले. सासूबाईंनी ते कापड उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "शेपट्या चुकल्यात. हेरिंगची शेपटी इतकी लांब नसते." त्या दिवसापासून यंत्र माझे झाले. त्यांच्यासारखी पारख मला पुढे लंडनमध्येही भेटली नाही.

कलम चौथे. तैलचित्रे. माळ्यावर आणि जिन्याखाली जी काही आहेत ती सगळी. समुद्र, समुद्र आणि आणखी समुद्र. आयुष्यभर मी स्वतःला चित्रकार समजत आले आणि छापकाम हे पोट भरायचे साधन. लोकांनी उलटे ठरवले. लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात माझा समुद्र एकदाच लागला, तोही छताला टेकून. बघायला गेले तर मान दुखली. गावातल्या ज्या घराला हवे असेल त्याने एकेक चित्र घेऊन जावे. उरतील त्यांच्या मागच्या फळ्या चांगल्या सागवानी आहेत, त्या शेजाऱ्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला वापराव्यात. हे मी रागाने लिहीत नाही. थोडे रागाने लिहीत आहे.

कलम पाचवे. माझी नणंद डोरकस हिला माझा निळा चहाचा संच, ज्यावर तिचा डोळा आमच्या लग्नापासून आहे. एक बशी फुटकी आहे, ती तिनेच फोडली. नेलचे चित्र छापून आले तेव्हा डोरकसने ते पाहून सगळ्या बायकांसमोर म्हटले होते, "ही आमची नेल नाहीच! तीळ भलत्याच गालावर. आईलाच आपली पोर धड आठवत नाही!" तेव्हा मी उत्तर दिले नाही. आता देते. तांब्यावर जे डावीकडे असते ते कागदावर उजवीकडे उमटते. नवशिक्याही हे जाणतो आणि आधीच उलटे काढून ठेवतो. मी समोर पोर बघत होते आणि दिसेल तसे तांब्यावर काढत होते. उलटे करायला मला सुचले नाही, कारण छापायचे आहे हा विचारच डोक्यात नव्हता. त्यामुळे जगात जेवढे छाप आहेत त्यांत नेल आरशातली आहे. खरी नेल फक्त तांब्यावर आहे. डोरकस, चहा सुखाने पी.

कलम सहावे. लंडनचे चित्रविक्रेते लायनेल प्रॉथरो यांना काहीही नाही, आणि का नाही ते पुढे लिहिते.

आमच्या धंद्यात रीत आहे. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करायचा, म्हणजे पुढे कोणी चोरून छापू नये आणि घेतलेल्यांची फसवणूक होऊ नये. रीत चांगली आहे. मी स्वतः माझ्या प्रत्येक पत्र्यावर अशी रेघ ओढली आहे. बंदरावर, बोटींवर, सासूबाईंच्या चेहऱ्यावरसुद्धा. नेलच्या पत्र्यावर मात्र माझ्याने ओढवली नाही. सुई हातात धरून मी अनेकदा बसले. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठून रेघ न्यायची, सांगा.

प्रॉथरो दरवर्षी पत्र पाठवत. रद्द केल्याचा पुरावा द्या, नाहीतर पत्रा आमच्या ताब्यात द्या. नंतर ते म्हणू लागले की पत्र्यावर पोलादाचा मुलामा चढवू, म्हणजे झिजणार नाही आणि तुमच्या पश्चात नवी आवृत्ती काढता येईल. आता एका चित्रसंग्रहालयाला मधे घातले आहे, ते लोक पत्रा काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. मी नाही म्हटले. पण मला प्रॉथरोंचा राग याचा नाही. तो पहिल्या वर्षीचा आहे. नेलचे सगळे छाप विकले गेले तेव्हा ते मुद्दाम स्कारहेवनला आले, या स्वयंपाकघरात बसले, माझ्या हातचा केक खाल्ला आणि म्हणाले, "अप्रतिम झालंय, मिसेस स्ट्रॉन. असंच आणखी एखादं करा ना!"

मी त्यांना विचारले, "कुणाचं करू?"

ते हसले. त्यांना वाटले मी विषय विचारते आहे.

त्यानंतर मी माणसाचा चेहरा कधीच काढला नाही. माझ्यावर लेख लिहिणारे म्हणतात, तिने नंतर निसर्गाकडे वळण घेतले.

कलम सातवे. हे कलम वाचण्यापूर्वी डोरकस तिथे असल्यास तिला चहाचा संच घेऊन घरी पाठवावे. खोलीत फक्त कथबर्ट आणि मिस फेनिक असावेत.

कपाटाच्या तळच्या कप्प्यात, माझ्या लोकरी शालीत गुंडाळलेला तांब्याचा पत्रा, ज्याला लोक 'झोपलेली मुलगी' म्हणतात आणि ज्याला मी काहीच म्हणत नाही, तो मी माझे पती कथबर्ट स्ट्रॉन यांना देत आहे. त्यावर प्रॉथरो, संग्रहालय, डोरकस किंवा अन्य कोणी हक्क सांगू नये. त्यावर रद्दची रेघ ओढू नये. त्यावर मुलामा चढवू नये. तो पुन्हा छापू नये. तो काचेत ठेवू नये. तो कथबर्टच्या हातात द्यावा आणि त्याने त्याला हवा तेवढा, हवा तेव्हा बोटांनी चाचपावा.

संग्रहालयातली बाई हे ऐकून घाबरली. म्हणाली, बोटांनी झिजेल. झिजेल हे मला तिच्या आधीपासून ठाऊक आहे. हा पत्रा आम्लात बुडवून खोदलेला नाही, नुसत्या सुईने ओरखडलेला आहे. नांगराच्या तासाशेजारी माती वर येते तशी अशा रेषेच्या बाजूला तांब्याची बारीक किनार उठते. शाई त्या किनारीत अडकते आणि मखमलीसारखा काळा रंग देते. पण ती किनार नाजूक असते. प्रत्येक छापाबरोबर थोडी दबते. पहिल्या छापात नेलचे केस दाट होते, शेवटच्या छापात विरळ झाले. मी यंत्राचे चाक फिरवत होते आणि माझी पोर माझ्या हाताखाली फिकी होत होती. म्हणून मी ठरलेल्या प्रतींच्या आधीच थांबले. आता जे उरले आहे ते तिच्या बापाच्या बोटाने झिजू दे. एवढे रद्द करणे मला पुरेसे आहे.

यापुढचे मी कथबर्टशी बोलते आहे. मिस फेनिक, आवाज जरा हळू करा.

कथबर्ट, उठू नकोस. बस.

गेल्या फेब्रुवारीत तू जेवणानंतर एकदम म्हणालास, "एल्सी, ते तांबं कुठंय?" कुठलं तांबं, असं मी विचारलं नाही. मी पत्रा काढला, पुसला, चुलीजवळ धरून जरा कोमट केला, कारण गार तांबं बोटाला परकं लागतं, आणि तुझ्या मांडीवर ठेवला. तुझं बोट कपाळापाशी थांबलं.

"ही बट ना? कंगव्याला कधी जुमानायची नाही."

"नाहीच जुमानायची," मी म्हटलं.

मग नाक. मग तोंड. "जरा उघडं आहे गं. धाप लागलीय का तिला?"

"नाही. झोपलीय."

हनुवटीपाशी येऊन तुझं बोट थांबलं. "बास. ठेव आत." मी म्हटलं, "कथबर्ट, थांब, त्याच्याखाली—" तू म्हणालास, "नको, एल्सी," आणि गारा पडत असताना दोर धरून भिंतीवर गेलास. मी दारात उभी राहून तुझी पाठ बघत राहिले. परत आलास तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते, आणि पुन्हा तू तो विषय काढला नाहीस.

त्या पहाटे काय झालं ते मी आता क्रमाने सांगते. नेलचा हृदयापर्यंत पोचलेला ताप वाढला होता म्हणून आपण तिचा पलंग स्वयंपाकघरात आणला होता. तू रात्रभर समुद्रावर होतास. उजाडता उजाडता आलास, ओली जर्सीसुद्धा काढली नाहीस, तसाच स्टूल ओढून तिच्याजवळ बसलास आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून झोपी गेलास. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळतोय. मीही तेच धरून बसले होते. खिडकीतून उजेड तिच्या तोंडावर आला. टेबलावर माझा तयार तांब्याचा पत्रा होता, सुई होती. मी काढायला बसले. मला वाटलं होतं, बरी झाली की तिला दाखवीन. 'बघ, कशी घोरत होतीस.'

तू जागा झालास आणि सुईचा आवाज ऐकलास. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मला अजून दिसते. म्हणालास, "पोर आजारी पडलीय आणि तू तिला ओरबाडतेयस?" दार आपटून गेलास, दुपारच्या भरतीला होडी काढलीस, आणि संध्याकाळी दिवेलागणीला नेल गेली. तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. भिंतीवर माणसं उभी होती, त्यावरूनच तुला कळलं.

त्यानंतर गेल्या फेब्रुवारीपर्यंत तू तिच्याबद्दल मला एकच वाक्य बोललास. तिचे छाप विकले गेले त्या रात्री. "तिला त्या पत्र्यावर एकटीला टाकलंस." मी तेव्हाच तुला पत्रा दाखवायला हवा होता असं तू म्हणशील. दाखवायला आणला होता. तू तोंड फिरवलंस. दुसऱ्यांदा आणला, तू शेडमध्ये गेलास. मग मलाही राग आला. म्हटलं, डोळे आहेत, बघायचं असेल तेव्हा बघेल. नंतर तुझे डोळे गेले.

आता मिस फेनिकने पत्रा तुझ्या हातात द्यावा. कथबर्ट, तुझं बोट त्या दिवशी हनुवटीवर थांबलं होतं, तिथेच ठेव. तिथून खाली ये. गळा, मग गोधडीची शिवण, ती ओलांड. आता डावीकडे, पार कोपऱ्यापर्यंत. इथे रेषा जास्त खरखरीत लागतील. या कोपऱ्याला मी शाई कधी लावलीच नाही. दर वेळी तेवढा भाग कोरडा ठेवून छापलं, कारण हा कोपरा विकायचा नव्हता. लंडनच्या लोकांना तो पांढरा कोपरा फार भावला. त्यांनी त्याला मृत्यूची पोकळी म्हटलं. जगात कुणाच्याही भिंतीवर हे नाही, डोरकसनं पाहिलेलं नाही, प्रॉथरोनं पाहिलेलं नाही.

नीट चाचप. ती पाच बारीक बोटं नेलची. त्यांच्या मुठीत एक जाड अंगठा आहे. त्यावर दोर कापल्याचा आडवा व्रण आहे, मी तोही काढला. तो अंगठा तुझा आहे.

तू बसल्या बसल्या झोपलास तेव्हा ती जागी होती. तिनं माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, तुला उठवू नको म्हणून. मग तिनं तुझा अंगठा धरला आणि डोळे मिटले. ती तशीच झोपली, मी तशीच काढली. तू उठून गेलास तेव्हा तिची मूठ सोडवून गेलास, ते तुला रागाच्या भरात कळलं नसेल. तांब्यावर ती सुटलेली नाही.

तू होतास तिथे. मी तुला हेच सांगायला इतकी वर्षं मागे मागे फिरले.

मिस फेनिक, इथे वाचणे थांबवावे. त्याला लागेल तितका वेळ द्यावा. पत्रा त्याच्याकडून मागू नये. चहा तुमचा तुम्ही करून घ्या, त्याच्याने होणार नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या मनातला आणि माझ्या हातचा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच आहे. ज्यांच्या साक्षीने मी खाली सही केली ते दोघेही त्या वेळी हजर होते, आणि या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही.

सही: एल्स्पेथ मेरी स्ट्रॉन

साक्षीदार पहिले: डॉक्टर ह्यू प्रिंगल, स्कारहेवन

साक्षीदार दुसऱ्या: मिसेस एडा यंगर, टपाल कचेरी, स्कारहेवन

स्थळ: स्कारहेवन, स्वयंपाकघरातले टेबल. कथबर्ट या वेळी भिंतीवर भरती ऐकायला गेला आहे.

दिनांक: मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१